श्रद्धेचा जमाखर्च : अहिल्याबाई होळकर यांची प्रशासकीय कारकीर्द

३१ मे २०२५ रोजी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त भोपाळ येथे तीनशे रुपये दर्शनी मूल्याचे स्मारक नाणे आणि टपाल तिकीट प्रकाशित करण्यात आले. ज्या राज्यकर्तीने आयुष्यभर रुपया-आण्याचा हिशेब डोळ्यांत तेल घालून पाहिला, तिचे स्मरण एका नाण्याने केले जावे यात मोठेच औचित्य आहे.

अहिल्याबाईंचे नाव निघाले की आपल्या मनात एक चित्र उभे राहते : शुभ्र वस्त्र, हाती शिवपिंडी, पाठीमागे नर्मदेचा घाट. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. देवळे आणि घाट बांधणाऱ्या या साध्वीने १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे, माळव्यातील एका मोठ्या राज्याचा कारभार सांभाळला. महसूल गोळा केला, अधिकारी नेमले, तंटे सोडवले, दूरदूरच्या दरबारांत वकील ठेवले आणि लढाईच्या खर्चाचे हिशेब मागितले. भक्ती आणि कारभार या दोन गोष्टी त्यांनी एकाच आयुष्यात कशा नांदवल्या, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला देवळांच्या यादीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

कारण हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. श्रद्धाळू माणसाच्या हाती लोकांचा पैसा आणि अधिकार आला, तर त्याच्या श्रद्धेमुळे कारभार सैल होतो की अधिक काटेकोर होतो? ग्रामपंचायतीचा सरपंच असो, सहकारी संस्थेचा सचिव असो, देवस्थानचा विश्वस्त असो किंवा बँकेच्या शाखेत बसणारा अधिकारी असो, प्रत्येकाला कधी ना कधी या प्रश्नाला सामोरे जावे लागते. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत त्याचे एक स्पष्ट उत्तर मिळते.

उमेदवारीची वर्षे

जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मगाव. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्वतः मल्हारराव एका साध्या धनगर कुटुंबातून पुढे येऊन पेशव्यांचे माळव्यातील सुभेदार झाले होते. स्वकर्तृत्वाने वर आलेल्या माणसाला गुणांची पारख असते. सुनेची बुद्धी आणि चिकाटी त्यांनी लवकरच हेरली.

मल्हाररावांचे आयुष्य घोड्यावर गेले. आज दिल्लीकडे, उद्या राजपुतान्यात, परवा दक्षिणेत. सरदार मोहिमेवर असताना मागे वसूल गोळा करणे, लष्कराला रसद पोहोचवणे, पत्रव्यवहार सांभाळणे आणि हिशेब तयार ठेवणे हे काम कोणीतरी विश्वासाने करावयाचे होते. ते हळूहळू अहिल्याबाईंकडे आले. सासूबाई गौतमाबाई याही करारी आणि व्यवहारदक्ष होत्या. घरातील शिस्त आणि खासगी उत्पन्नाची व्यवस्था यांचे धडे अहिल्याबाईंना त्यांच्याकडून मिळाले.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई त्या वेळी अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सती जाण्याचा त्यांचा निश्चय मल्हाररावांनी विनवणी करून मोडला. पुढील बारा वर्षे ही खऱ्या अर्थाने त्यांची उमेदवारी होय. १७६५ मधील मल्हाररावांचे एक पत्र या दृष्टीने फार बोलके आहे. चंबळ उतरून ग्वाल्हेरला जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठ्या तोफांची आणि दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेत बंदोबस्तासाठी चौक्या बसवाव्यात, अशा सूचना त्यात सुनेला दिलेल्या आहेत. पत्रात कोठेही उपदेशाचा सूर नाही. जाणत्या सहकाऱ्याला काम सोपवावे, तसे ते सोपवलेले आहे.

आजच्या भाषेत सांगावयाचे तर अहिल्याबाईंची नेमणूक थेट सर्वोच्च पदावर झाली नाही. नोंदी, रसद, वसूल, पत्रव्यवहार या पायऱ्या चढत त्या तेथवर पोहोचल्या. प्रशासनात सेवाभाव महत्त्वाचा खरा, पण कामाचे ज्ञान नसेल तर सेवाभाव निष्फळ ठरतो. त्यांच्यापाशी दोन्ही होते.

पदाची कसोटी

२० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूर येथे निवर्तले. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव गादीवर आले. परंतु वर्ष पूर्ण होण्याच्या आत, एप्रिल १७६७ मध्ये, त्यांचेही निधन झाले. पती, सासरे आणि एकुलता एक पुत्र असे तिन्ही आधार तेरा वर्षांत नाहीसे झाले.

अशा वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला. अल्पवयीन दत्तक म्हणजे कारभार दिवाणाच्या हाती, हे उघड होते. पेशवाईतील रघुनाथराव या बेताला अनुकूल होते. अहिल्याबाईंनी तो ठामपणे नाकारला. आपण एका वारसाची पत्नी आणि दुसऱ्याची माता आहोत, तेव्हा पुढची व्यवस्था ठरवण्याचा अधिकार आपला आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी लष्कर सज्ज केले, शेजारच्या मराठा सरदारांना पत्रे पाठवली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांच्या बाजूने कौल दिला.

यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला, त्यात त्यांच्यातील प्रशासक स्पष्ट दिसतो. लष्कराचे नेतृत्व त्यांनी तुकोजी होळकर या अनुभवी सेनानीकडे सोपवले आणि मुलकी कारभार व तिजोरी स्वतःकडे ठेवली. तुकोजी हे मल्हाररावांच्या जवळच्या नात्यातील नव्हते. तरीही त्यांच्या निष्ठेवर विश्वास टाकण्यात आला. वयाने मोठे असूनही तुकोजी अहिल्याबाईंना मातोश्री मानत, असे सर जॉन माल्कम यांनी नोंदवले आहे. तलवार एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे ही वाटणी, मतभेद होऊनही, जवळजवळ तीन दशके टिकली.

माल्कम यांचा उल्लेख आला, म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. कंपनी सरकारचे हे अधिकारी अहिल्याबाईंच्या निधनानंतर सुमारे पाव शतकाने मध्य भारतात कारभार पाहत होते. त्यांचा मध्य भारताविषयीचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून चौकशी करून त्यांनी अहिल्याबाईंचे प्रकरण लिहिले. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याला होळकरांची स्तुती करण्याचे काहीच कारण नव्हते. म्हणूनच त्यांच्या नोंदींना वजन आहे.

दौलत आणि खासगी

आता आपण या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. होळकरांच्या राज्यात उत्पन्नाचे दोन स्वतंत्र प्रवाह होते. पहिला 'दौलत', म्हणजे राज्याचे उत्पन्न. त्यातून लष्कर आणि कारभार यांचा खर्च चाले. दुसरा 'खासगी'. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या विनंतीवरून गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली होती. तिचे उत्पन्न राज्याच्या तिजोरीत न जाता घराण्यातील स्त्रीच्या स्वाधीन राही. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. 'खासगी क्षेत्र', 'खासगी बँक' असे शब्द आपण रोज वापरतो. त्या शब्दाला होळकरांच्या दफ्तरात असा नेमका, हिशेबी अर्थ होता.

अहिल्याबाईंनी देशभर जी मंदिरे, घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे उभारली, त्यांचा खर्च या खासगीतून होत असे. गादीवर आल्यावर हाती आलेला साठवलेला खजिनाही त्यांनी धर्मकार्यासाठी संकल्प करून वेगळा काढला. माल्कम यांनी ऐकलेल्या माहितीप्रमाणे हा खजिना सुमारे दोन कोटी रुपयांचा होता आणि खासगी जमिनींचे वार्षिक उत्पन्न चार लाखांच्या घरात होते. त्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून पाणी सोडल्याची, आणि पुढे कोणी लष्करी खर्चासाठी त्यातून पैसे मागितले असता 'दान म्हणून संकल्पपूर्वक घ्यावयाचे असेल तर घ्या' असे सुनावल्याची परंपरागत कथा प्रसिद्ध आहे. कथेतील तपशील कमी-अधिक असतील, पण तिचा आशय हिशेबाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला निधी दुसऱ्या कामाकडे वळवता येत नाही, मग मागणारा कितीही मोठा असो.

श्रद्धा माणसाला उदार करते. उदार माणसाच्या हाती सार्वजनिक तिजोरी असेल, तर औदार्याचा भार इतरांवर पडण्याचा धोका असतो. राज्याच्या महसुलातून देवळे बांधून पुण्य स्वतःच्या नावे जमा करणारे राज्यकर्ते जगाच्या इतिहासात कमी नाहीत. अहिल्याबाईंच्या व्यवस्थेत देवाच्या कामाला देवाचे खाते आणि रयतेच्या कामाला रयतेचे खाते होते. राज्य शंकराचे आहे आणि आपण केवळ त्याच्या वतीने कारभार पाहतो, या भावनेने त्या आज्ञापत्रांवर 'श्रीशंकर' असे लिहीत, असे परंपरा सांगते. आपल्या प्रत्येक कृतीबद्दल ईश्वरापुढे जाब द्यावयाचा आहे, ही त्यांची धारणा माल्कम यांनीही आवर्जून नमूद केली आहे. ज्याला मालक म्हणून मिरवायचे असते, त्याला हिशेबाची अडचण वाटते. ज्याला विश्वस्त म्हणून जगायचे असते, त्याला हिशेबाचा आधार वाटतो. अहिल्याबाईंची श्रद्धा दुसऱ्या प्रकारची होती.

दिवसाची आखणी

महेश्वर येथील त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन उपलब्ध आहे. सूर्योदयापूर्वी सुमारे तासभर आधी त्या उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि अन्नदान यांत सकाळ जाई. त्यानंतर साधे, शाकाहारी भोजन आणि अल्प विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत आणि सायंकाळी सहापर्यंत तेथेच असत. पुन्हा दोन-तीन तास पूजा व फराळ आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज.

हिशेब केला तर रोजचे सहा तास केवळ सार्वजनिक कामाचे होतात, आणि हा क्रम उपवास, सणवार किंवा तातडीचे राजकारण याखेरीज सहसा बदलत नसे. पूजेचा वेळ पूजेला आणि दरबाराचा वेळ दरबाराला. 'बाई पूजेत आहेत, उद्या या' असे सांगून फिर्यादीला परत पाठवले जाते की काय, ही शंका येथे उरत नाही. दरबार खुला असे. त्या पडद्याआड न बसता स्वतः तक्रारी ऐकत. जी प्रकरणे पंचायतीकडे किंवा न्यायाच्या कामी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे सोपवण्यासारखी असत, ती तिकडे पाठवत. परंतु दाद मागणाऱ्याला त्यांच्यापर्यंत येण्याचा मार्ग मोकळा असे.

माणसे निवडण्यात आणि टिकवण्यातही त्यांचे धोरण स्थिर होते. त्यांचे प्रमुख कारभारी गोविंदपंत गानू यांना कधी बदलण्यात आले नाही. इंदूरचे कमाविसदार खंडेराव हे वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होते. महसूल ठरवण्याचे आणि वसूल करण्याचे काम वर्षानुवर्षे एकाच माणसाकडे राहिले, की रयतेला पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येतो. मक्ता बदलत गेला, की प्रत्येक नवा माणूस आपल्या काळात जास्तीत जास्त ओढून घेण्याच्या मागे लागतो. अहिल्याबाईंनी मध्यम प्रमाणात सारा ठेवला आणि गावकऱ्यांचे पूर्वापार हक्क जपले. त्यांच्या काळात इंदूर लहान गावापासून भरभराटीचे शहर झाले.

सावकाराची विधवा

बँकेच्या नियतकालिकाच्या वाचकांना विशेष भावतील असे दोन प्रसंग माल्कम यांच्या ग्रंथात आहेत. त्या काळी एखादा धनाढ्य सावकार निपुत्रिक मरण पावला, की त्याच्या संपत्तीतील वाटा सरकारजमा करण्याची प्रवृत्ती सर्वत्र असे. इंदूरमध्ये असाच एक सावकार वारला. तुकोजी सैन्यासह जवळच मुक्कामाला होते आणि त्यांना पैशाची नड होती. काही लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी त्या मालमत्तेतील वाटा मागितला. सावकाराच्या विधवेने महेश्वरला धाव घेतली. अहिल्याबाईंनी तिचा मान राखला, संपत्तीवरील तिचा हक्क मान्य केला आणि तुकोजींना आपला तळ इंदूरपासून दूर हलवण्याची आज्ञा दिली. तुकोजींनी ती पाळली.

दुसरा प्रसंग खरगोणचा. तेथील दोन सावकार बंधू वारले आणि त्यांच्या विधवांनी आपली संपत्ती आपण होऊन अहिल्याबाईंना देऊ केली. ती स्वीकारण्यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. तरीही त्यांनी नकार दिला आणि ते धन लोकोपयोगी कामाला लावावे, असा सल्ला दिला.

या दोन्ही निर्णयांत तिजोरीचे तात्पुरते नुकसान होते. फायदा मात्र दूरगामी होता. आपल्या पश्चात आपल्या पत्नीचे धन सुरक्षित राहील अशी खात्री असेल, तेथेच सावकार पेढी उघडतो आणि व्यापारी माल साठवतो. ठेवीदाराचा विश्वास हीच खरी गंगाजळी, हे तत्त्व माळव्यात अडीच शतकांपूर्वी आचरणात होते. आजच्या काळात ही सुरक्षितता कायद्याने आणि नियमांनी मिळते. आपल्या ठेवींसाठी वारसदारांचे नामनिर्देशन करून ठेवणे हा तिचाच एक भाग होय. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. अद्याप नोंद केली नसल्यास ती अवश्य करावी, इतकेच या ओघात सुचवावेसे वाटते.

सेवेचे भान

सेवा म्हणजे केवळ दान नव्हे, हेही अहिल्याबाईंच्या कारभारात दिसते. विंध्य आणि सातपुड्याच्या डोंगराळ भागात भिल्लांच्या टोळ्या वाटसरूंना लुटत. बळाचा वापर करूनही बंदोबस्त होईना. तेव्हा आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्प कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्यास 'भिलकवडी' म्हणत. त्या बदल्यात पडीक जमीन लागवडीखाली आणणे आणि आपल्या हद्दीतील वाटसरूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणे या अटी त्यांच्यावर घातल्या. ज्यांच्यापासून वाटेला धोका होता, त्यांनाच वाटेचे रखवालदार करण्यात आले.

महेश्वर येथे त्यांनी विणकरांना आश्रय दिला आणि महेश्वरी साडीचा उद्योग वाढीस लागला. महेश्वरच्या किल्ल्यावरील कोरीवकामातील नक्षी आजही या साडीच्या काठावर दिसते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटीच्या माध्यमातून या विणकामाचे पुनरुज्जीवन झाले आणि गावातील स्त्रियांना त्यातून रोजगार मिळाला. अन्नछत्रात एका वेळची भूक भागते. हातमागावर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार उभा राहतो.

आणि तरीही दान होतेच. काशीचे आजचे विश्वेश्वर मंदिर १७८० मधले आहे. सोमनाथ येथे १७८३ मध्ये आणि गया येथील विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. वेरूळचे घृष्णेश्वर, परळीचे वैजनाथ, काशीचा मणिकर्णिका घाट, हरिद्वारचा कुशावर्त घाट, केदारनाथच्या वाटेवरील धर्मशाळा अशी ही मालिका हिमालयापासून दक्षिणेपर्यंत पसरलेली आहे. यांतील बहुतेक ठिकाणे होळकरांच्या हद्दीबाहेर होती. काशी कंपनी सरकारच्या वर्चस्वाखाली होती. परक्या मुलखात बांधकाम करावयाचे म्हणजे तेथील सत्तेशी सलोखा हवा, विश्वासू माणूस हवा आणि वेळेवर पैसा पोहोचावयास हवा. त्या काळी दूरदेशी पैसा पाठवण्याचे साधन म्हणजे सावकारांची हुंडी. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ आणि कलकत्ता येथे त्यांचे वकील होते. यात्रेकरूला घाटाच्या पायऱ्या दिसतात. त्यामागचे हे जाळे दिसत नाही. बांधून झाल्यावर पूजा, दुरुस्ती आणि अन्नदान यांसाठी कायमच्या नेमणुका लावून दिल्या जात, म्हणून ही कामे त्यांच्या पश्चातही चालू राहिली.

लहान गोष्टींकडेही त्यांचे लक्ष असे. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाण्याची सोय केली जाई. महेश्वरच्या परिसरात नांगराला जुंपलेले बैल थांबवून त्यांना पाणी पाजण्यासाठी माणसे नेमलेली असत. पिकावरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांना दाणा मिळावा म्हणून काही उभी शेते विकत घेऊन राखून ठेवली जात. लक्षात घ्यावे की शेते 'विकत' घेतली जात. शेतकऱ्याचे नुकसान करून पाखरांना पोसले जात नसे.

मर्यादाही पाहाव्यात

थोर व्यक्तीचे चरित्र लिहिताना केवळ ओवाळणी करणे हा तिचा अनादरच होय. अहिल्याबाईंच्या कारभाराला मर्यादा होत्या. तुकोजी मोहिमेवर असत आणि त्यांना पैसा नेहमीच कमी पडे. महेश्वरहून हिशेबाची मागणी होई आणि लष्कराकडून खर्चाची. या ओढाताणीत दोघांमधील पत्रव्यवहार अनेकदा कटू झाला. १७९३ मध्ये लाखेरी येथे महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसमोर होळकरांचे सैन्य पराभूत झाले. बदलत्या युद्धतंत्राकडे होळकरांनी वेळीच लक्ष दिले असते, तर चित्र वेगळे दिसले असते, असे अभ्यासकांना वाटते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अहिल्याबाईंनी महेश्वर येथे देह ठेवला. अखेरची वर्षे दुःखाची होती. नातू गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि कन्या मुक्ताबाई आईने परोपरीने विनवूनही सती गेली. एके काळी सासऱ्यांच्या विनवणीला मान देऊन राज्यासाठी मागे राहिलेल्या या स्त्रीला स्वतःच्या लेकीला मात्र मागे ठेवता आले नाही. १७९७ मध्ये तुकोजीही वारले आणि वारसांमध्ये कलह पेटला. अठ्ठावीस वर्षे शांत राहिलेला माळवा पुन्हा धुमाळीत सापडला. जो कारभार एकाच व्यक्तीच्या चारित्र्यावर उभा असतो, तो त्या व्यक्तीबरोबरच मावळतो. चारित्र्याला नियमांची आणि संस्थेची जोड लागते, हा धडा येथे मिळतो.

आजच्यासाठी

खासगीची कथा मात्र तेथे संपली नाही. संस्थान विलीन झाल्यावर तिच्या मालमत्तांच्या व्यवस्थेसाठी १९६२ मध्ये खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) न्यास स्थापन झाला. देशभरातील घाट, मंदिरे आणि धर्मशाळा त्याच्या देखरेखीखाली आल्या. पुढे काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद निर्माण झाला आणि तो न्यायालयात गेला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की या न्यासाला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे आणि निबंधकाच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याच्या मिळकती हस्तांतरित करता येणार नाहीत. अठराव्या शतकातील एका राणीने वेगळ्या काढून ठेवलेल्या धनाचे रक्षण एकविसाव्या शतकात न्यायालयाला करावे लागले. सत्कार्याचा प्रारंभ श्रद्धेने होतो. ते पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकते ते देखरेखीने, नोंदींनी आणि जबाबदारी निश्चित केल्याने.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी-व्यवसाय सांभाळून कोणत्या ना कोणत्या सेवाकार्यात असतात. कोणी गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार, कोणी देवस्थानचे विश्वस्त, कोणी शिष्यवृत्ती निधीचे चालक. दिल्ली, इंदूर, बडोदे, बेंगळुरू, कोलकाता येथील महाराष्ट्र मंडळांतही अशी निरलसपणे राबणारी माणसे भेटतात. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नसते. अनेकदा निष्ठेमुळेच हिशेब मागणे अप्रशस्त वाटते, आणि तेथेच पुढच्या वादाचे बीज पडते. म्हणून काही साध्या गोष्टी आवर्जून पाळाव्यात. संस्थेचा पैसा स्वतःच्या खात्यातून फिरवू नये; त्यासाठी संस्थेच्या नावे खाते असावे. ते किमान दोघांच्या संयुक्त सहीने चालावे. ज्या कामासाठी देणगी आली, त्याच कामासाठी ती खर्च व्हावी. बांधकाम निधी आणि उत्सव निधी यांची सरमिसळ करू नये. वर्षअखेरीस लेखापरीक्षण करून ताळेबंद सर्वांसमोर वाचून दाखवावा. यांतील एकही गोष्ट श्रद्धेच्या आड येत नाही.

प्रशासनात कारकीर्द घडवू पाहणाऱ्या तरुण-तरुणींना अहिल्याबाईंचे आयुष्य हेच सांगते. स्पर्धा परीक्षेतून पद मिळते. त्या पदाला अर्थ देणारी निष्ठा प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी शोधावयाची असते. ती कोणाला देवळात सापडेल, कोणाला ग्रंथांत, कोणाला माणसांत. परंतु ती खरी आहे की नाही, हे पाहण्याची जागा एकच : आपल्या टेबलासमोर उभा असलेला माणूस आणि आपल्या हातातील वही. सावकाराची विधवा महेश्वराहून समाधानाने परतली, त्या दिवशीचा दरबारही अहिल्याबाईंच्या पूजेतच मोडत होता.